मॉरिशसमधील मराठी पूर्वजाचा शोध : आडनाव आणि क्रमांक

मॉरिशसमधील मराठी घराण्याच्या मूळपुरुषाचा शोध घेताना अभ्यासक साहजिकच आडनावाकडे वळतो; परंतु तेथेच त्याची फसगत होण्याचा संभव अधिक.

गुलामगिरीचा अंत होऊ लागताच, १८३४ पासून, तेथील ऊसमळ्यांसाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात येऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा होता. पोर्ट लुई येथे उतरणाऱ्या मजुरास क्रमांक मिळे व नोंदवहीत सामान्यतः त्याचे नाव, पित्याचे नाव, वय, जात, गाव आणि जहाज यांची नोंद होई. आडनाव मात्र बहुधा नसे. पुढे पूर्वजाचे किंवा त्याच्या पित्याचे व्यक्तिनामच वंशजांचे आडनाव होऊन बसले. आणि तेही परभाषिक कारकुनाच्या कानास जसे भासले तसे. अशा आडनावावरून कोकणातील भाऊबंद शोधणे बहुतांशी व्यर्थ होय.

क्रमांकाची गोष्ट निराळी. तो विवाह व मृत्यू यांच्या दाखल्यांतही अनेकदा आढळतो. म्हणून दाखल्यावरून क्रमांकाकडे आणि क्रमांकावरून मोका येथील महात्मा गांधी संस्थेतील मूळ नोंदीकडे जाणे श्रेयस्कर. तेथे लाभलेले ग्रामनामही एकटे प्रमाण मानू नये. ते जिल्हा व परगणा यांच्याशी ताडून पाहावे, कारण एकाच नावाची अनेक गावे असतात.

२०२४ साली भारत सरकारने सातव्या पिढीतील भारतवंशीय मॉरिशसवासीयांनाही परदेशस्थ भारतीय नागरिकपत्रासाठी पात्र ठरविल्याचे जाहीर केले. तेव्हापासून हा शोध केवळ कौटुंबिक जिज्ञासेचा विषय राहिलेला नाही.