तीन हाडांची साक्ष

इजिप्तमधल्या एका विहिरीतून तीन हाडे निघाली. दोन कमरेच्या दोन्ही बाजूंची, एक त्यांच्या मधले. पोलिसांनी ती कैरोला सिडनी स्मिथकडे पाठवली. त्याने कळवले : ही हाडे पंचविशीच्या आतल्या सडपातळ बाईची आहेत. ती लंगडत होती, एकदा तरी गरोदर राहिली होती. घरी ओतलेली शिशाची गोळी लागून ती काही दिवसांनी मेली. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा अशीच एक तरुणी बेपत्ता असल्याचे कळले. बंदूक साफ करताना तिच्या बापाच्या हातून गोळी सुटली होती.

स्मिथचा जन्म १८८३चा, न्यूझीलंडमधला. एडिंबरात डॉक्टर झाला आणि १९१७मध्ये इजिप्त सरकारचा न्यायवैद्यक तज्ज्ञ म्हणून कैरोत आला. अकरा वर्षे राहिला. गावठी बंदुका, विषप्रयोग, सूडाचे खून यांची प्रकरणे रोजचीच. या शास्त्राच्या इतिहासात नाव लंडन-एडिंबराचे होते, पण स्मिथ घडला तो कैरोच्या शवागारात, असे मला वाटते.

नोव्हेंबर १९२४मध्ये कैरोत सुदानचा गव्हर्नर-जनरल सर ली स्टॅक याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी तो मेला. खुनी कोण हे ठरण्याआधीच ब्रिटनने इजिप्तकडून पाच लाख पौंड मागितले, सुदानातून इजिप्शियन सैन्य हटवायला सांगितले. झगलूल पाशांना पंतप्रधानपद सोडावे लागले. इकडे स्मिथ गोळ्यांवरचे ओरखडे बघत होता. एक पिस्तूल कोल्ट बनावटीचे असून त्याच्या नळीत दोष आहे, हे त्याने आधीच सांगितले होते. पुढे पळून जाणाऱ्या दोघा भावांच्या फळांच्या टोपलीत पिस्तुले सापडली. त्यांपैकी कोल्टमधून त्याने गोळी झाडून पाहिली. ओरखडा तोच. १९२५मध्ये सात जण फासावर गेले.

आता याला काय म्हणायचे? ओरखडा खोटा नव्हता. पण त्याच्या आधारे न्याय करणारी सत्ता परकी होती आणि तिने संपूर्ण देशाला शिक्षा आधीच देऊन टाकली होती. स्मिथ त्याच सत्तेचा नोकर होता, हे त्याच्या कौतुकात अनेकदा राहून जाते.

तरीही त्याच्याबद्दल माझा आदर टिकतो तो १९३०च्या खटल्यामुळे. मार्गेटच्या हॉटेलात सिडनी फॉक्सची आई जळत्या खोलीत मेली. मुलानेच गळा दाबला, असे सर बर्नार्ड स्पिल्सबरीने सांगितले. तो इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला तज्ज्ञ. त्याच्या शब्दापुढे ज्यूरी मान तुकवत. पुरावा काय, तर स्वरयंत्रामागे दिसलेला एक रक्ताळलेला डाग. जपून ठेवलेले स्वरयंत्र स्मिथने पाहिले, तर डाग नव्हताच. तो होता, नंतर नाहीसा झाला, असे स्पिल्सबरीचे उत्तर. गळ्यावर बाहेरून खूण नाही, आतले नाजूक हाड शाबूत.

स्मिथ आरोपीच्या बाजूने उभा राहिला. फॉक्स लबाड होता, विम्याचे पैसे हवे होते, हे त्यालाही दिसत होते. पण लबाडी ही गळा दाबल्याची खूण नव्हे. ज्यूरीने मात्र न दिसणाऱ्या डागावर विश्वास ठेवला. एप्रिलमध्ये फॉक्सला फाशी झाली.