पत्ता नसलेल्या पत्रांची कुळकथा

ज्याचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, पत्र पोचेपर्यंत तो धडधाकट असेल की नाही हेही ठाऊक नाही, अशा माणसाला पत्र लिहायचं. अमेरिकेत हा प्रकार इतका रुळला आहे की त्याचं कुणाला नवल वाटत नाही. शाळांमधून, चर्चमधून, वृद्धाश्रमांतून हजारो कार्डं आणि चिठ्ठ्या गोळा होतात. स्वयंसेवक त्या खोक्यांत भरतात आणि गावोगाव फिरून लष्करी छावण्या, अग्निशमन केंद्रं, पोलीस ठाणी, रुग्णवाहिकांचे तळ अशा ठिकाणी हातोहात पोचवतात. पाहणाऱ्याला वाटतं, हा देशप्रेमाचा आपसूक आलेला उमाळा. पण या प्रथेचं मूळ शोधत मागे गेलं, तर ते सापडतं रेल्वेच्या मालधक्क्यावर कुजत पडलेल्या खोक्यांमध्ये.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेतल्या पलटणी गावागावांतून उभ्या राहिल्या होत्या. गावातली पोरं एकाच तुकडीत असायची, त्यामुळे गावातल्या बायका त्या तुकडीच्या नावानं खोकं भरायच्या: मोजे, सदरे, केक, लोणी, मुरांबे. खोकं रवाना व्हायचं, पण पलटण तोवर पुढे सरकलेली असायची. डबे वाटेतच अडकायचे, अन्न नासायचं, आणि मुरांब्याची बरणी फुटली की खालचे सदरेही वाया जायचे. एका तुकडीकडे गोधड्यांची रास आणि शेजारच्या इस्पितळात जखमींना पांघरूण नाही, असंही घडायचं.

जून १८६१ मध्ये युनायटेड स्टेट्स सॅनिटरी कमिशन स्थापन झालं. सैनिकांचं आरोग्य सांभाळणं हे या बिगरसरकारी संस्थेचं काम. तिनं एक कठोर नियम घातला: आलेला सगळा माल एकत्र करायचा आणि ज्याला गरज आहे त्याला द्यायचा, मग तो कुठल्याही राज्याचा असो. व्यवस्थेच्या दृष्टीनं हे बिनतोड होतं, पण बायकांना ते पचायला जड गेलं. आपल्या बाळ्यासाठी विणलेले मोजे भलत्याच कुणाच्या पायात जाणार! कुरकुर झाली, अफवा उठल्या, तरी शेवटी बहुतेकींनी ते मान्य केलं. या मान्यतेतूनच पत्ता नसलेलं पत्र जन्माला आलं असं मी मानतो. मोजा कुणाच्या पायात जाणार हे कळायचा मार्ग बंद झाला, तेव्हा बायका मोज्यात चिठ्ठी खोचू लागल्या.

शिकागोच्या शाखेचं काम मेरी लिव्हरमोर आणि जेन होग या दोघी पाहत. येणारी खोकी उघडायची, माल निवडायचा, प्रत्येक कपड्यावर कमिशनचा शिक्का मारायचा आणि पुन्हा भरून पाठवायचा, असा तिथला दिनक्रम. युद्ध संपल्यावर जवळजवळ पाव शतकानं लिहिलेल्या आठवणींत लिव्हरमोरबाईंनी या चिठ्ठ्यांबद्दल सांगितलं आहे. सदऱ्याला टाचणीनं लावलेल्या, मोज्यात दडवलेल्या चिठ्ठ्या. स्वतःचा मुलगा आघाडीवर असलेली एखादी आई दुसऱ्या कुठल्यातरी आईच्या मुलाला लिहिते आहे. इस्पितळातल्या खाटेच्या मापाच्या गोधड्या शिवल्या जात. त्यांतल्या काही आजही संग्रहालयांत आहेत आणि त्यांच्या ठिगळांवर शाईनं लिहिलेला मजकूर आहे. त्या घाईच्या कामात शिक्का मारणाऱ्यांनी या चिठ्ठ्या काढून फेकल्या असत्या तरी कुणी विचारलं नसतं. त्यांनी त्या राहू दिल्या.

पन्नासेक वर्षांनी फ्रान्समध्ये हीच अडचण वेगळ्या वाटेनं आली. १९१४ मध्ये जर्मनांनी उत्तर फ्रान्स व्यापला आणि तिथल्या सैनिकांना घरचं पत्र येणंच बंद झालं. जानेवारी १९१५ मध्ये त्यांच्यासाठी ‘सैनिकाचं कुटुंब’ नावाची संस्था निघाली. अनोळखी बाई सैनिकाची युद्धापुरती धर्ममाता व्हायची आणि त्याला पत्रं, पुडकी पाठवायची. मासिकांनी यात प्रेमप्रकरणांचा मसाला शोधला आणि लष्कराला हेरगिरीची धास्ती वाटू लागली. अनोळखी माणसाचं पत्र म्हणजे दिलासा आणि अनोळखी माणसाचं पत्र म्हणजे धोका, या दोन्ही गोष्टी तेव्हापासून बरोबरच चालत आल्या आहेत.

या कुळातलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण म्हणजे नेब्रास्का राज्यातलं नॉर्थ प्लॅट. वस्ती बारा हजारांच्या आसपास, भोवती शेतं आणि मधून जाणारा युनियन पॅसिफिक रेल्वेचा मार्ग. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला दहा दिवस झाले होते. १७ डिसेंबर १९४१ ला गावात बातमी आली की नेब्रास्काच्या ‘डी’ कंपनीला घेऊन गाडी येते आहे. आपली पोरं म्हणून गावकरी खाऊ, सिगारेटी आणि भेटवस्तू घेऊन स्टेशनवर जमले. गाडी आली, खिडक्या उघडल्या, आणि कळलं की ही ‘डी’ कंपनी कॅन्सस राज्याची आहे. क्षणभर सगळे थबकले. मग कुणीतरी हातातलं पुडकं खिडकीतून आत दिलं, आणि बाकीच्यांनीही दिलं.

त्या गर्दीत रे विल्सन ही सव्वीस वर्षांची दुकान सांभाळणारी मुलगी होती. नेब्रास्काच्या त्या तुकडीत तिचा भाऊ होता. दुसऱ्या दिवशी तिनं गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: काल जे झालं ते रोज का होऊ नये? नाताळच्या दिवशी स्टेशनवरचं कॅन्टीन सुरू झालं. १ एप्रिल १९४६ पर्यंत ते अखंड चाललं आणि सुमारे साठ लाख सैनिक तिथून गेले. गाड्या थांबायच्या दहा-पंधरा मिनिटं, इंजिनाला पाणी आणि वंगण देण्यापुरत्या. तेवढ्यात पोरांनी डब्यातून उडी मारून धावत यायचं, सँडविच, कॉफी, अंडी, केक घ्यायचा आणि शिटी झाली की पळत सुटायचं. कुणाचा वाढदिवस असला तर त्याला अख्खा केक. साखर आणि पेट्रोल रेशनवर होतं. आसपासच्या सव्वाशे गावांनी आपसांत दिवस वाटून घेतले होते. ज्या गावाचा दिवस असेल त्या गावच्या बायका रेशनची कुपनं साठवून, रात्रभर भाजून-तळून सगळं घेऊन यायच्या. एका शाळकरी पोरानं लिलावात स्वतःच्या अंगावरचा सदरा पुन्हापुन्हा विकून कॅन्टीनला पैसे मिळवून दिले.

आणि तिथे पॉपकॉर्नचे लाडू असत. मक्याच्या लाह्या पाकात वळायच्या आणि वळता वळता गावातल्या मुली आत एक चिठ्ठी दडवायच्या: नाव आणि पत्ता. पोराला ती सापडायची गाडी हलल्यावर. त्यातून पत्रव्यवहार सुरू झाले, काही लग्नंही झाली. सॅनिटरी कमिशनच्या काळापेक्षा इथे एक मोठा फरक आहे. घेणाऱ्याचं नाव अजूनही ठाऊक नाही, पण देणारी त्याच्यासमोर उभी आहे. दहा मिनिटं का होईना, चेहरा दिसतो.

चेहरा दाखवायला थेट आघाडीवर जाणारेही होते. १९४१ च्या फेब्रुवारीत स्थापन झालेल्या यूएसओ या संस्थेनं गायक-नटांना छावण्यांत नेलं आणि बॉब होपनं ते काम पुढे अनेक दशकं केलं. आपल्याकडे १९६२ च्या युद्धानंतर सुनील दत्त आणि नर्गिस यांनी मुंबईहून कलाकारांचा जथा सीमेवर नेला, तो याच शाखेतला. पण ते नामवंतांचे दौरे. पत्र लिहिणारा सामान्य माणूस घरीच राहिला, आणि त्याच्यासाठी अमेरिकन लष्करी टपालानं सोय केली: पाकिटावर ‘एनी सर्व्हिस मेंबर’, म्हणजे सेवेतला कुणीही, एवढं लिहिलं तरी पुरे. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अशा पत्रांचा पूर लोटला.

ही वाट बंद झाली २००१ मध्ये. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर आठवड्याभरातच अँथ्रॅक्सची भुकटी घातलेली पाकिटं टपालातून जाऊ लागली. त्यात पाच जण दगावले. ऑक्टोबरअखेर संरक्षण खात्यानं अनोळखी सैनिकांना पत्रं पाठवण्याची सोय स्थगित केली. लोकांना सर्वांत जास्त लिहावंसं वाटत होतं, नेमकं तेव्हाच टपालाचं दार लागलं. आजच्या फिरत्या स्वयंसेवकांचा जन्म मला इथे दिसतो. टपाल नेत नसेल तर ओळखीच्या, विश्वासाच्या माणसानं हातानं नेणं आलं.

त्याच दिवसांत पत्रांना नवा वाचकही मिळाला. न्यूयॉर्कमध्ये, ११ सप्टेंबरला कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांसमोर रस्त्यापलीकडे १७६६ सालचं सेंट पॉल्स चॅपल आहे. ते बचावलं, आणि जवळजवळ नऊ महिने ढिगारा उपसणाऱ्यांचं विश्रांतीचं ठिकाण बनलं. अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, बांधकाम मजूर तिथल्या बाकांवर झोपायचे. जॉर्ज वॉशिंग्टन प्रार्थनेला ज्या कक्षात बसत, तिथे बसवून या लोकांच्या फोडांनी भरलेल्या पावलांवर उपचार होत. बाकांवर, खांबांवर, गॅलरीच्या कठड्यावर मुलांची पत्रं लावलेली होती. ओक्लाहोमाहून आलेला एक मोठा फलकही होता. १९९५ च्या बॉम्बस्फोटात ओक्लाहोमा सिटीत १६८ माणसं गेली, तेव्हा देशभरच्या मुलांनी रंगवून पाठवलेल्या पाच हजारांहून अधिक फरशा त्या शहराला मिळाल्या होत्या. एकेकाळी ज्यांना आलं, त्यांनी आता दुसऱ्याला पाठवलं.

न्यूयॉर्कनंही ते पुढे नेलं. जेफ पारनेस यांच्या ‘न्यूयॉर्क सेज थँक यू’ या संस्थेचे स्वयंसेवक दरवर्षी एखाद्या आपद्ग्रस्त गावात घरं बांधायला जात. मनोऱ्यांजवळच्या एका इमारतीवरचा चिंध्या झालेला मोठा राष्ट्रध्वज ते २००८ मध्ये कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्गला घेऊन गेले. आदल्या वर्षीच्या टोर्नॅडो वादळात ते गाव जवळजवळ पुसलं गेलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी वादळातून वाचलेल्या आपल्या ध्वजांचे तुकडे जोडून तो शिवायला घेतला. पुढे तो पन्नासही राज्यांत फिरला. सैनिक, अग्निशमन जवान, शिक्षक यांनी टाके घातले आणि २०११ मध्ये मिसुरीतल्या जॉप्लिन या वादळग्रस्त गावात तो पुरा झाला. आता तो न्यूयॉर्कच्या ९/११ संग्रहालयात आहे.

पत्रांचं काम आज मोठ्या प्रमाणावर करते ती लॉस एंजेलिसमध्ये २००३ साली सुरू झालेली ‘ऑपरेशन ग्रॅटिट्यूड’. सैनिकांपासून सुरुवात करून तिनं पुढे पोलीस आणि अग्निशमन दलांनाही सामावून घेतलं. पत्र लिहिणाऱ्यांना ती देत आलेल्या सूचना मला फार शहाण्या वाटतात. प्रत्येक पत्र वेगळ्या पाकिटात बंद करू नका. चमकी वापरू नका. मुलांचं फक्त पहिलं नाव लिहा. राजकारण नको, मरणाचा उल्लेख नको. आभार माना आणि मग स्वतःबद्दल लिहा: घरची माणसं, छंद, पाळलेलं कुत्रं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आपण शूर आहोत हे विसाव्यांदा वाचण्यापेक्षा कुणाच्या तरी कुत्र्यानं आज चप्पल पळवली, हे वाचायला नक्कीच आवडत असेल.