एका वर्षाचे अध्यक्षपद : रोटरीतील सेवावर्ष आणि नेतृत्वबदल यांचा इतिहास

रोटरी, लायन्स, इनरव्हील यांसारख्या सेवाभावी क्लबांच्या घटनेत अध्यक्षपदाची मुदत एका वर्षाची असते आणि हे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते. जुलै महिन्यात महाराष्ट्रातील जिल्हापत्रांमध्ये ‘पदग्रहण समारंभ’ या मथळ्याखालील वृत्तांची जी रांग लागते, तिच्या मुळाशी हाच नियम आहे. मावळते अध्यक्ष आपल्या गळ्यातील मानाची कॉलर नव्या अध्यक्षांच्या गळ्यात घालतात, सचिव आणि खजिनदार बदलतात, आणि ज्यांच्या हाती काल सूत्रे होती ते आज अध्यक्ष राहत नाहीत. या रूढीला आज शंभरांहून अधिक वर्षे झाली आहेत. तिच्याकडे समारंभाचा एक भाग म्हणून पाहण्याची सवय असली, तरी या क्लबांनी काय साधले आणि कोठे ते अपुरे पडले, याचा बराचसा उलगडा या एका नियमातून होतो. म्हणून या परंपरेतील सर्वांत जुन्या संस्थेचा, म्हणजे रोटरीचा, इतिहास त्या दृष्टीने तपासणे उपयुक्त ठरते.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो शहरात डिअरबॉर्न रस्त्यावरील युनिटी बिल्डिंगच्या ७११ क्रमांकाच्या खोलीत पॉल हॅरिस हे वकील, सिल्व्हेस्टर शील हे कोळशाचे व्यापारी, गुस्तावस लोर हे खाण-अभियंते आणि हायरम शोरी हे कपडे शिवण्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ एकत्र बसले, ती रोटरीची पहिली बैठक होय. सभा पाळीपाळीने एकेका सदस्याच्या कार्यालयात भरवावी असे ठरले आणि त्या फिरत्या पाळीवरूनच संस्थेला नाव मिळाले. प्रत्येक व्यवसायातून एकच सदस्य घेण्याचा दंडकही, ज्याला पुढे ‘वर्गीकरणाचे तत्त्व’ म्हटले गेले, याच काळातला आहे. एकाच धंद्यातील स्पर्धक एका टेबलाशी येऊ नयेत आणि कोणत्याही एका धंद्याचे संस्थेत प्राबल्य होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. विशेष असे की, ज्यांच्या कल्पनेतून क्लब जन्मला ते हॅरिस पहिले अध्यक्ष झाले नाहीत. पहिले अध्यक्षपद शील यांच्याकडे गेले आणि हॅरिस यांची पाळी तिसरी, म्हणजे १९०७ मध्ये आली. संस्थापकाने खुर्ची दुसऱ्याला देऊन आपल्या पाळीची वाट पाहावी, हा पायंडा अशा रीतीने अगदी आरंभीच पडला.

आरंभीचा हा क्लब सेवेसाठी स्थापन झालेला नव्हता. परस्पर स्नेह आणि परस्परांच्या धंद्याला हातभार एवढेच त्याचे उद्दिष्ट होते. १९०६ मध्ये डोनाल्ड कार्टर या पेटंटविषयक वकिलांना सदस्यत्वाचे निमंत्रण गेले, तेव्हा जी संस्था आपल्या सदस्यांखेरीज कोणाच्याच उपयोगी पडत नाही तिला भवितव्य नाही, असा आक्षेप त्यांनी घेतला. तो मान्य होऊन शहराच्या हिताचे कलम उद्दिष्टांत घातले गेले आणि कार्टरही सदस्य झाले. हॅरिस यांच्या अध्यक्षपदाच्या काळात हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृहे बांधण्याचे होते. मद्यालये आणि मोठी दुकाने यांच्या चालकांचा त्याला विरोध होता, कारण त्यांच्याकडील सोयीच्या निमित्ताने गिऱ्हाईक आत येत असे. इतर नागरी संस्थांना बरोबर घेऊन आणि नगरपालिकेकडे पाठपुरावा करून क्लबने ते काम तडीला नेले. मात्र त्याला एका वर्षाहून अधिक काळ लागला. एका वर्षाची मुदत आणि त्याहून लांबणारे काम यांच्यातील जी ओढाताण पुढे सतत जाणवत राहिली, ती या पहिल्याच उपक्रमात दिसते.

ऑगस्ट १९१० मध्ये अमेरिकेतील सोळा क्लबांचे प्रतिनिधी शिकागोत जमले आणि त्यांनी क्लबांचा राष्ट्रीय संघ स्थापन केला. या संघाचे पहिले वर्ष अधिवेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, १८ ऑगस्ट १९१० रोजी सुरू झाले, तर दुसरे २१ ऑगस्ट १९११ रोजी. वर्षारंभ अशा प्रकारे अधिवेशनाच्या तारखेबरोबर हलत असे. १९१२ मध्ये हिशेबांची तपासणी करविण्यात आली, तेव्हा लेखापरीक्षकांनी आर्थिक वर्ष ३० जूनला संपवावे अशी शिफारस केली. अधिवेशनापूर्वी सचिवांना आणि खजिनदारांना ताळेबंद तयार करण्यास आणि सदस्यसंख्येनुसार प्रत्येक क्लबचे प्रतिनिधी ठरविण्यास पुरेसा अवधी मिळावा, हे तिचे कारण होते. एप्रिल १९१३ मध्ये कार्यकारी समितीने ही शिफारस स्वीकारली. अधिवेशने उन्हाळ्याच्या भरात होत असल्याने ती जूनमध्येच घ्यावीत, असा ठराव १९१६ च्या सिनसिनाटी अधिवेशनात झाला आणि जून १९१७ मध्ये अटलांटा येथे त्याप्रमाणे अधिवेशन भरले. आज जगभर ज्या दिवशी हजारो क्लबांचे अध्यक्ष बदलतात, तो १ जुलै अशा रीतीने हिशेबनीसांच्या सोयीतून ठरला आहे.

या नियमाचे वेगळेपण महाराष्ट्रातील समकालीन प्रयत्नांशी तुलना केली असता अधिक स्पष्ट होते. ज्या वर्षी शिकागोत रोटरी जन्मली, त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, गोपाळ कृष्ण गोखले यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, अर्थात भारत सेवक समाजाची, स्थापना केली. या समाजाच्या सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत, पाच वर्षे उमेदवारी करावी लागे आणि बेताच्या वेतनावर सारे आयुष्य देशकार्याला वाहावे लागे. गोखले हे ‘प्रथम सदस्य’ या नात्याने १९१५ मधील आपल्या निधनापर्यंत प्रमुख राहिले. त्यानंतर व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९२७ पर्यंत आणि गोपाळ कृष्ण देवधर १९३५ पर्यंत अध्यक्ष होते. पुढे १९३६ पासून १९७८ पर्यंत हे पद हृदयनाथ कुंझरू यांनी सांभाळले. त्र्याहत्तर वर्षांत चार प्रमुख, हा या समाजाचा हिशेब आहे, तर तेवढ्याच काळात एखाद्या रोटरी क्लबला सत्तरांहून अधिक अध्यक्ष लाभतात. भारत सेवक समाजाने मोजक्या माणसांकडून सर्वस्वाची अपेक्षा केली, तर रोटरीने आपापल्या व्यवसायात राहणाऱ्या अनेकांकडून थोड्याथोड्या वेळाची अपेक्षा केली. व्यवसाय सांभाळणाऱ्या माणसाला अध्यक्षपदाचा भार दीर्घकाळ वाहता येत नाही, म्हणून तो वर्षापुरता ठेवावा लागतो. एक वर्षाचा नियम हा अशा रीतीने अर्धवेळ सेवेच्या कल्पनेतूनच निपजतो.

भारतातील पहिला रोटरी क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाला आणि १९२९ मध्ये मुंबईत क्लब सुरू झाला. आरंभी या क्लबांवर युरोपीय व्यापारी आणि अधिकारी यांची छाप होती. स्वातंत्र्यानंतर मात्र डॉक्टर, वकील, कारखानदार, अडते आणि प्राध्यापक यांच्या पुढाकाराने ही चळवळ जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांत पोहोचली. १९५६ मध्ये मुंबईत लायन्सचा क्लब निघाल्यावर तिला एक समांतर प्रवाह मिळाला. शिकागोच्या हिशेबासाठी ठरलेले वर्ष महाराष्ट्राच्या ऋतुचक्राशी योगायोगाने चांगले जुळले. १ जुलैच्या सुमारास शाळा उघडलेल्या असतात, आर्द्रा नक्षत्राचा पाऊस अपेक्षित असतो आणि आषाढी वारीचे दिवस असतात. त्यामुळे नव्या अध्यक्षांच्या पहिल्या महिन्यात वह्यावाटप, वृक्षारोपण आणि पालखीमार्गावरील क्लबांकडून वारकऱ्यांची आरोग्यतपासणी हे उपक्रम ओघानेच येतात. १ जुलै हाच राष्ट्रीय डॉक्टर दिन आणि सनदी लेखापालांच्या संस्थेचा स्थापना दिन असल्याने गावातील डॉक्टर आणि लेखापाल यांच्या सत्काराने अनेक क्लबांचे वर्ष उघडते. सप्टेंबरमध्ये शिक्षकांचा गौरव, ऑक्टोबरमध्ये पोलिओ दिन, हिवाळ्यात नेत्रतपासणी आणि रक्तदान शिबिरे, फेब्रुवारीत स्थापना दिन असा क्रम पुढे चालतो आणि मे-जूनमध्ये अहवालांची, पारितोषिकांची आणि निरोपाची धांदल उडते.

नेतृत्वबदलाची यंत्रणा मात्र एका दिवसाची नसते. क्लबच्या प्रमाणित घटनेनुसार अध्यक्षाची निवड त्याने सूत्रे हाती घेण्याच्या किमान दीड वर्ष आधी होते. निवड झालेली व्यक्ती आदल्या वर्षी ‘नियोजित अध्यक्ष’ म्हणून संचालक मंडळात बसते, प्रांताने घेतलेल्या प्रशिक्षणाला जाते आणि आपल्या वर्षाचे सहकारी निवडते. ‘प्रांत’ म्हणजे परिसरातील अनेक क्लबांचा समूह असून त्याच्या प्रमुखाला मराठीत ‘प्रांतपाल’ म्हणतात. त्याचीही मुदत एका वर्षाचीच असते. पायउतार झालेला अध्यक्ष पुढील वर्षभर ‘माजी अध्यक्ष’ या नात्याने मंडळात राहतो. अशा प्रकारे कोणत्याही वेळी येणारा, असलेला आणि गेलेला असे तीन अध्यक्ष एकाच टेबलाशी बसलेले असतात, आणि हिशेबाच्या वह्या, बँकेतील सह्यांचे अधिकार, अर्धवट राहिलेली कामे व देणगीदारांशी असलेले संबंध यांचे हस्तांतर त्यांच्यात होणे अपेक्षित असते. जेथे हे हस्तांतर मनापासून होते तेथे क्लबचे काम अखंड चालते. जेथे ते कॉलरपुरते उरते तेथे मागील वर्षी लावलेल्या रोपांना पाणी घालणारा कोणी उरत नाही.

या दोषाची बीजे संस्थेच्या एका महत्त्वाच्या दस्तऐवजातही आढळतात. १९२३ च्या सेंट लुईस अधिवेशनात संमत झालेल्या, ‘२३-३४’ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या ठरावाने प्रत्येक क्लबला आपापल्या गावाची गरज ओळखून सेवाकार्य निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, परंतु त्याचबरोबर दरवर्षी एक मोठे काम घ्यावे, ते शक्यतो वर्षागणिक बदलावे आणि वर्षाच्या आत पुरे करावे, असेही सुचविले. कामे खोळंबू नयेत हा त्यामागचा सद्हेतू असला, तरी प्रत्येक अध्यक्षाने आपल्या नावाचा नवा उपक्रम काढण्याची वृत्ती त्यातून बळावली. शिबिर भरविणे एका वर्षात शक्य होते. गावाचा पाणीप्रश्न सोडविणे शक्य होत नाही. त्यामुळे शिबिरे वाढली आणि प्रश्न मागे राहिले, ही टीका या क्लबांवर वारंवार झाली असून ती निराधार म्हणता येत नाही.

चळवळीच्या मध्यवर्ती संघटनेने या उणिवेवर तीन उपाय शोधले. पहिला उपाय कायम सचिवाचा होता. १९१० मध्ये चेस्ली पेरी सचिव झाले आणि १९४२ पर्यंत त्या पदावर राहिले; अध्यक्ष येत-जात राहिले, पण दप्तर बत्तीस वर्षे एकाच हाती होते. दुसरा उपाय निधीचा होता. १९१७ च्या अटलांटा अधिवेशनात मावळते अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी जगाच्या कल्याणासाठी स्थायी निधी उभारण्याची सूचना केली. त्यात पहिली देणगी आली ती कॅन्सस सिटीच्या क्लबकडून, अवघ्या साडेसव्वीस डॉलरांची. तरीही ती सूचना टिकली आणि १९२८ मध्ये ‘रोटरी फाउंडेशन’ या नावाने तिला रूप मिळाले. ज्याचे अध्यक्षपद संपत आले होते त्याने आपल्या वर्षापलीकडची योजना मांडली, यातच तिचे मोल आहे.

तिसरा आणि सर्वांत फलदायी उपाय म्हणजे अनेक अध्यक्षांनी मिळून एकच ध्येय पेलणे. जागतिक अध्यक्ष क्लेम रेनूफ यांच्या १९७८-७९ च्या कारकिर्दीत आरोग्य, भूक आणि मानवता यांविषयीचा बहुवर्षीय कार्यक्रम सुरू झाला. त्यांचे उत्तराधिकारी जेम्स बोमार यांनी सप्टेंबर १९७९ मध्ये फिलिपाइन्समधील सुमारे ६० लाख बालकांना पोलिओची लस देण्याच्या करारावर सही केली. १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ मोहीम जाहीर झाली. तिच्यासाठी १२ कोटी डॉलरांचे उद्दिष्ट ठेवले होते, प्रत्यक्षात १९८८ पर्यंत २४ कोटी ७० लाख डॉलरांची देणगी आश्वासने मिळाली. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओ मोहिमेच्या रविवारी आरोग्यसेविकांच्या जोडीने बूथवर बसणारे, पालकांना बोलावून आणणारे आणि मुलांच्या करंगळीवर शाईची खूण करून घेणारे हजारो स्वयंसेवक या क्लबांनी पुरविले. देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. फेब्रुवारी २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पोलिओग्रस्त देशांच्या यादीतून भारताचे नाव वगळले, तेव्हा जागतिक अध्यक्षपदी वापीचे कल्याण बॅनर्जी होते. पण ते यश कोणा एका वर्षाचे नव्हते, तर आधीच्या तीन दशकांतील सर्व अध्यक्षांनी तेच काम पुढे नेल्याचे ते फळ होते.

वर्षागणिक फिरणारी ही पाळी दीर्घकाळ अर्ध्या समाजासाठी बंद होती, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. कॅलिफोर्नियातील ड्युआर्टे येथील क्लबने १९७७ मध्ये स्त्रियांना सदस्य करून घेतले म्हणून त्याची मान्यता काढून घेण्यात आली. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ मे १९८७ रोजी निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला. १९८९ मध्ये संस्थेने आपल्या नियमातून पुरुषांची अट काढली आणि २०२२-२३ मध्ये जेनिफर जोन्स या पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या. तोपर्यंत नितीश लाहरी, राजेंद्र साबू, कल्याण बॅनर्जी आणि शेखर मेहता या चार भारतीयांनी ते पद भूषविले होते.

एक वर्षाच्या नियमाने सेवाकार्य व्यक्तिनिष्ठ होण्यापासून वाचविले, सत्ता सोडण्याची सवय लावली आणि सामान्य व्यावसायिकांच्या अनेक पिढ्यांना सभा चालविण्याचे, हिशेब देण्याचे व माणसे जोडण्याचे शिक्षण दिले. ही त्याची जमेची बाजू आहे. त्याच नियमाने कामांचे तुकडेही केले, आणि हा दोष जेथे भरून निघाला तेथे तो आधीच्याचे काम आपले मानणाऱ्या उत्तराधिकाऱ्यांमुळेच भरून निघाला. म्हणून कोणत्याही क्लबच्या अध्यक्षाचे मूल्यमापन त्याने वर्षभरात किती नवे उपक्रम काढले यावरून न करता, त्याने मागच्यांची किती कामे पुढे नेली आणि पुढच्यांच्या हाती काय नीट सोपविले यावरून करावे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.