डोळा आणि कांच

आकाशाच्या छायालेखनाचा पाया बऱ्याच अंशीं हौशी लोकांनीं घातला. मृगांतील तेजोमेघाचें पहिलें छायाचित्र १८८० सालीं घेणारा हेन्री ड्रेपर न्यूयॉर्कचा डॉक्टर होता. १८८३ सालीं त्याच तेजोमेघाच्या ३७ मिनिटांच्या चित्रांत डोळ्यांस न दिसणारे तारे दाखविणारा अँड्र्यू कॉमन हा सांडपाण्याच्या कामांचा इंजिनियर. अंधारास सरावलेला डोळा कितीही वेळ रोखला तरी अधिक पाहत नाहीं. रसायन लावलेली कांच मात्र प्रकाश सांठवीत जाते.

इंग्लंडांतील इमारतींचा कंत्राटदार आयझॅक रॉबर्ट्स यानें १८८८ सालीं २० इंची दूरदर्शकानें देवयानींतील तेजोमेघाचें चार तासांचें चित्र घेतलें. त्यांत सर्पिल वळणें प्रथमच स्पष्ट उमटलीं. ही जन्मास येणारी सूर्यमालाच होय, असें त्यास वाटलें. परंतु १९२३ सालीं तेथें सांपडलेल्या एका रूपविकारी ताऱ्यावरून एडविन हबल यानें ती आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका असल्याचें दाखविलें.

रॉबर्ट्सचा तर्क टिकला नाहीं, त्याची कांच टिकली. हौशी माणसाचा तर्क चुकला तर शास्त्र क्षमा करतें. नोंद तेवढी प्रामाणिक हवी.