गिरगावच्या वाड्या आणि उन्हाळ्याचे अन्न

गिरगावातील फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही स्थलनामे आज चाळींच्या व गल्ल्यांच्या ओळखीपुरती उरली आहेत. ‘वाडी’ म्हणजे घरांचा समूह हा अर्थ येथे इतका रूढ झाला आहे की, ‘कुंपणाची बाग’ हा तिचा जुना अर्थ सहसा ध्यानी येत नाही. मुंबईच्या इंग्रजांनी मात्र माडांच्या वाड्यांना दीर्घकाळ ‘ओर्ट’ म्हटले. हा शब्द पोर्तुगीज ‘ओर्ता’, म्हणजे बाग, यावरून आलेला आहे. योगायोग असा की, ज्या पोर्तुगीज वैद्याकडे मुंबई बेट खंडाने होते, त्या गार्सिया द ओर्ताच्या आडनावाचे रूपही हेच. त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यास छापला गेला. आपल्या मुंबईतील एका आंब्याला वर्षातून दोन बहर येतात व त्यांतील मे महिन्याअखेरचा अधिक स्वादिष्ट असतो, असे तो त्यात सांगतो. माझगावच्या आंब्याची पुढील ख्याती मारिया ग्रॅहॅमच्या १८१२ च्या ग्रंथातून टॉमस मूरच्या १८१७ च्या काव्यापर्यंत पोहोचली. मोसमात मूळ झाडावर शिपायांचा पहारा असे, ही माहितीही तिचीच.

असे लेखी साक्ष्य नसेल तेथे केवळ नावावर विसंबणे धोक्याचे आहे. फणसवाडीच्या नावास एखादे जुने झाडही पुरेसे होते. कांदेवाडीत कांदा पिकत होता की विकला जात होता, हे शब्द सांगत नाही. ‘मुगभाट’ या नावावरून मुगाची शेती गृहीत धरणे तर फारच सोपे. परंतु पूर्वपद व्यक्तिनामही असू शकते आणि ‘भाट’ म्हणजे गोव्यात आजही बागाईत जमीन.

ऋतूची आठवण नावांपेक्षा स्वयंपाकघराने अधिक नेमकी राखली. बागा गेल्या, तरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास गिरगावच्या चाळींत आंबेडाळ व कैरीचे पन्हे चुकले नाही. कैरी तेवढी बाहेरगावची झाली. परळ-लालबागच्या गिरणगावात तर हा संबंध उलट दिशेने जुळला. तेथील कोकणी कामगार मे महिन्यात गावी जाई आणि पावसाळ्यापूर्वी आमसुले, कुळीथ, फणसाची साठे, सुकी मासळी घेऊन परते. ज्या वाडीचे हे अन्न, ती मुंबईत नव्हे, रत्नागिरीकडे होती. आणि तेथे ‘वाडी’ या शब्दात घर व झाडे दोन्ही नांदत होती.