सुधारगृहापासून बाल न्याय मंडळापर्यंत

एखादे मूल कायदा मोडते, तेव्हा समाजापुढे दोन प्रश्न उभे राहतात. याने काय केले, हा पहिला. आणि हा इथवर कसा आला, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साक्षीपुराव्यांतून मिळते. दुसऱ्याचे उत्तर घरात, वस्तीत आणि शाळेत शोधावे लागते. म्हणून ते उशिरा मिळते आणि पुष्कळदा शोधलेच जात नाही. आपल्या देशात हा दुसरा प्रश्न विचारला जाऊ लागला, त्याला अजून फार काळ लोटलेला नाही. शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथात बालगुन्हेगारीचा विषय प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु या इतिहासात शाळा पदोपदी भेटते. कधी उपाय म्हणून, तर कधी मुलाच्या हातून निसटलेली संधी म्हणून.

ब्रिटिश अमदानीतील या संदर्भातील पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे १८५० चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा. अनाथ व निर्धन मुलांनी एखादी कला शिकून पोट भरावे, हा त्याचा हेतू होता. आणि किरकोळ गुन्हा केलेल्या १० ते १८ वर्षांच्या मुलालाही दंडाधिकारी त्यान्वये एखाद्या कारागिराच्या हाताखाली बांधून देऊ शकत असे. १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून उभी राहिलेली उद्योगशाळा याच विचाराची होती. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने सात वर्षांखालील बालकाचे कृत्य गुन्हा ठरत नाही, असे सांगितले; सात ते बारा या वयात मुलाची समज किती, हे पाहण्याची मुभा न्यायालयाला दिली. पुढे १८७६ चा सुधारशाळा कायदा आला आणि १८९७ मध्ये तो नव्याने करण्यात आला. त्यानुसार पंधरा वर्षांखालील मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षे सुधारशाळेत ठेवता येऊ लागले. मुलींचा मात्र त्यात समावेश नव्हता.

तुरुंगात सराईत गुन्हेगारांच्या संगतीत मूल अधिकच बिघडते, हे या कायद्यांनी ओळखले, ही त्यांची थोरवी होय. मर्यादा एवढीच की, रिकाम्या हातांना काम आणि द्वाड मनाला शिस्त दिली की मुलगा मार्गावर येईल, याच्या पलीकडे त्यांचा विचार गेला नाही. सुतारकाम शिकून सात वर्षांनी तो ज्या घरी परतणार, ते घर कसे आहे, याची चौकशी करण्याचे कारण कोणालाच वाटले नाही.

याला त्या काळची समजूतही कारणीभूत होती. गुन्हेगारी वृत्ती रक्तातूनच येते, असे मानणारे विद्वान तेव्हा प्रतिष्ठित होते. इटलीतील चेझारे लोंब्रोसो यांचा जन्मजात गुन्हेगाराविषयीचा प्रसिद्ध ग्रंथ १८७६ चा. त्याआधीच, १८७१ मध्ये, आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा होऊन अनेक भटक्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरल्या होत्या. १८९७ च्या दुरुस्तीने तर या जमातींतील ४ ते १८ वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मुलाने काही केले असो वा नसो, त्याचे कूळच त्याचा अपराध ठरले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती कायद्याच्या जाचातून मुक्त झाल्या, तरी पोलिसांचा संशय आणि गावाचा तिरस्कार सुटला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन मराठी वाचकाला परिचित आहे. चोर म्हणूनच ज्याच्याकडे पाहिले जाते आणि प्रामाणिक काम ज्याला मिळत नाही, त्याच्या मुलासमोर कोणता मार्ग उरतो, हे त्यातून जितके उमगते, तितके क्वचितच एखाद्या शास्त्रीय ग्रंथातून उमगेल. शिक्का आधी बसतो आणि त्याला साजेसे वर्तन मागाहून येते, हे सत्य समाजशास्त्राने पुढे सिद्धान्तरूपाने मांडले.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर विचाराची दिशा पालटू लागली. १८९९ मध्ये शिकागो येथे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन झाले. न्यायाधीशाने मुलाकडे कनवाळू पालकाच्या नजरेने पाहावे, ही त्यामागची कल्पना होती. परंतु पालकाला मूल ठाऊक असते. न्यायाधीशाला ते कसे कळावे? या गरजेतून १९०९ मध्ये त्याच शहरात डॉ. विल्यम हीली यांनी अशा मुलांच्या मानसिक तपासणीचे केंद्र सुरू केले. एकेका मुलाचा सविस्तर अभ्यास करून त्यांनी दाखवले की, एकाच प्रकारच्या चोरीमागे दहा मुलांच्या बाबतीत दहा निरनिराळी कारणे असू शकतात. लंडनमध्ये सिरिल बर्ट यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात हाच निष्कर्ष काढला: कारण एक नसते, घरातील बेशिस्त किंवा अतिरेकी शिस्त, दारिद्र्य, वाईट संगत, अभ्यासातील मागासलेपण अशी अनेक कारणे एकत्र येतात, तेव्हा मुलाचा तोल जातो. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या ऑगस्ट आयखहॉर्न यांनी, मुलाच्या उद्दाम वर्तनाखाली बहुधा नाकारलेल्या मायेची भूक असते, असे अनुभवाच्या आधारे प्रतिपादिले.

१९४४ मध्ये जॉन बोल्बी यांनी चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी १४ मुलांना कोणाविषयीच जिव्हाळा वाटत नसल्याचे त्यांना आढळले. आणि या चौदांपैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेले होते. चोरी न करणाऱ्या तेवढ्याच मुलांच्या गटात असे दुरावलेले दोघेच निघाले. नमुना लहान होता, पुढे त्यावर टीकाही झाली. तरी बालपणातील ताटातूट पुढच्या वर्तनाशी जोडली गेली, ती कायमचीच.

हे वारे भारतातही पोहोचले. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांसाठी वेगळी न्यायव्यवस्था असावी, अशी शिफारस केली. त्यानंतर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक कायदे केले. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. उमरखाडीचे निरीक्षणगृह, म्हणजे लोकांच्या तोंडचे डोंगरीचे ‘रिमांड होम’, तिच्याच व्यवस्थेखालचे. ही वास्तू म्हणजे पूर्वीचा डोंगरीचा तुरुंग. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवसांचा कारावास भोगला, तो येथेच. मुलांना तुरुंगातून सोडवण्यासाठी निघालेल्या चळवळीला आसरा मिळाला, तोही जुन्या तुरुंगाच्या भिंतींआड! हेतू बदलतो, भिंती मात्र लवकर बदलत नाहीत, हे आपल्या संस्थांच्या इतिहासाचे जणू प्रतीकच आहे.

तथापि, एक मोठा बदल झाला. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जाऊन चौकशी करू लागला. वडील काय करतात, घरात माणसे किती, मूल शाळेत जाते का, आणि शाळा सुटली असेल तर केव्हा व का, याची नोंद न्यायालयासमोर येऊ लागली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शिक्षणसंस्था सुरू झाली आणि १९३७ मध्ये तेथे डॉ. के. आर. मसानी यांनी बालमार्गदर्शन केंद्र काढले. मुलाच्या मनाचा अभ्यास हा विषय अशा रीतीने आपल्याकडे रुजू लागला.

मनाकडे पाहता पाहता समाज नजरेआड होऊ नये, याची दक्षता दुसऱ्या एका अभ्यासपरंपरेने घेतली. शिकागोतील क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी १९४२ मध्ये दाखवून दिले की, शहराच्या काही ठरावीक वस्त्यांत बालगुन्हेगारीचे प्रमाण वर्षानुवर्षे जास्तच राहिले. तेथील रहिवासी मात्र दर पिढीत बदलत गेले. एका देशातून आलेले लोक स्थिरस्थावर होऊन वस्ती सोडून गेले की त्यांच्या मुलांतील गुन्हे कमी होत, आणि त्यांच्या जागी आलेल्यांच्या मुलांत ते दिसू लागत. दोष रक्तात असता, तर तो माणसांबरोबर गेला असता; तो वस्तीत राहिला. रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ मध्ये याला आणखी एक बाजू जोडली होती. समाज सर्वांना एकच स्वप्न दाखवतो, पण तेथे पोहोचण्याची वाट थोड्यांनाच देतो. मग काहीजण आडवाट धरतात.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे या जाणिवेतूनच घडले. केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या १९६० च्या बालक कायद्याने मुलांना तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत ठेवण्यास मनाई केली. तरीही देशातील अनेक तुरुंगांत मुले होतीच. पत्रकार शीला बारसे यांनी त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये न्यायालयाने या स्थितीवर कठोर बोट ठेवले. त्याच वर्षी देशव्यापी बाल न्याय कायदा झाला. त्यात बालपणाची मर्यादा मुलांसाठी १६ आणि मुलींसाठी १८ वर्षे होती. २००० च्या कायद्याने ती दोघांसाठी १८ केली. भाषाही बदलली. आज कायदा ‘बालगुन्हेगार’ म्हणत नाही. तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द अवघड आहे खरा, पण शिक्का न मारण्याचा तो प्रयत्न आहे; आणि शिक्क्याचे परिणाम आपण वर पाहिलेच आहेत.

२०१२ मध्ये दिल्लीत घडलेल्या अमानुष अत्याचाराने ही सारी वाटचाल कसाला लावली. आरोपींपैकी एकजण अठरा वर्षांखालील होता आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षेच सुधारगृहात ठेवता येणार होते. लोकक्षोभ स्वाभाविक होता. पीडितेच्या कुटुंबाची वेदना कोणत्याही सिद्धान्ताने हलकी होणारी नव्हती. २०१५ च्या नव्या कायद्याने १६ ते १८ वयोगटातील मुलाने अतिगंभीर गुन्हा केल्यास, प्राथमिक मूल्यनिर्धारणानंतर, त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली. अर्थात फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप त्यालाही देता येत नाही. मुलाची मानसिक क्षमता ठरवण्याची जबाबदारी बाल न्याय मंडळावर, म्हणजे एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक यांच्यावर, येऊन पडली. समाज पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे झुकला आहे काय, हा वाद तेव्हापासून चालू आहे.

या वादात एक संशोधन विसरता कामा नये. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवले की, किशोरवयात कायदा मोडणाऱ्यांपैकी बहुसंख्यांचे हे वर्तन त्या वयापुरतेच असते. मोठेपणाचे हक्क हवे असतात, जबाबदारी मिळालेली नसते, अशा मधल्या काळात ते घडते आणि वयाबरोबर ओसरते. आयुष्यभर त्या वाटेने जाणारे थोडे असतात आणि त्यांच्या अडचणी बहुधा अगदी लहानपणापासून दिसू लागलेल्या असतात. म्हणजे बहुतेकांना सावरायला वेळ हवा असतो, आणि उरलेल्यांना फार लवकर मदत.

ही लवकरची मदत न्यायालय देऊ शकत नाही. त्याच्यासमोर मूल येते, ते सारे घडून गेल्यावर. ती देऊ शकते शाळा. सतत गैरहजर राहणारा, मागच्या बाकावर गप्प बसणारा, एकाएकी मारामारी करू लागलेला मुलगा सर्वप्रथम दिसतो, तो वर्गशिक्षकाला. पूर्वी अशा मुलाच्या हाती दाखला ठेवून शाळा मोकळी होत असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढण्यास आणि शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली आहे. नोकरीधंद्यानिमित्त मराठी मुलखाबाहेर आलेल्या कुटुंबाला आजी-आजोबा, काका-मामा, ओळखीची आळी यांचा आधार नसतो. तेथे आपली शाळा हीच मुलाची आळी होते. साठ वर्षांचा हिशेब मांडताना आपण गुणवंतांची यादी अभिमानाने छापतो, आणि ती छापावीच. त्याबरोबर आठवी-नववीत ज्यांची नावे पटावरून गळाली, ती मुले कोठे गेली, याची विचारपूस करण्याची प्रथा आपण येत्या वर्षापासून सुरू केली, तर या महोत्सवाचे सार्थक होईल.