मारबंदी कायदा, स्वीडन (१९७९)

पालकांनी स्वतःच्या मुलांना मारण्यास मनाई करणारा जगातील पहिला राष्ट्रीय कायदा. स्वीडनच्या संसदेने तो मार्च १९७९ मध्ये २५९ विरुद्ध ६ मतांनी संमत केला आणि १ जुलै १९७९ पासून तो अमलात आला. चापट, धपाटा, छडी, पट्टा असा भेद तो करत नाही. १९८३ मध्ये सुधारलेल्या शब्दरचनेनुसार काळजी, सुरक्षितता आणि चांगले संगोपन हा मुलाचा हक्क आहे. त्याच्या व्यक्तित्वाचा मान राखायचा आहे आणि त्याला शारीरिक शिक्षा किंवा दुसरी कोणतीही अपमानास्पद वागणूक द्यायची नाही.

या कलमाला दंड वा तुरुंगवास जोडलेला नाही, आणि विरोधक बहुधा नेमके हेच विसरतात. ते फौजदारी संहितेत नसून आईबाप व मुले यांच्या संबंधांचे नियमन करणाऱ्या दिवाणी संहितेत आहे. मारहाण गंभीर असेल तर खटला मारहाणीच्या सर्वसाधारण कायद्याखाली चालतो; शेजाऱ्याला मारले तरी तोच कायदा लागू होतो. पूर्वी ‘मी बाप आहे’ एवढे सांगून आरोपीला सुटता येत असे. ती वाट आता बंद झाली.

पूर्वपीठिका : बंदी एका रात्रीत आली नाही. १९२० च्या कायद्यात पालकांना मुलांना मार देऊन वळण लावण्याचा अधिकार होता. १९४९ मध्ये त्या जागी ‘समज देणे’ असा सौम्य शब्द आला. प्राथमिक शाळांतील छडी १९५८ मध्ये बंद झाली. १९५७ मध्ये फौजदारी कायद्यातून आणि १९६६ मध्ये दिवाणी संहितेतून पालकांचा मारण्याचा हक्क वगळला गेला. मात्र हक्क काढून घेतला तरी मनाई कुठेच लिहिलेली नव्हती. १९७० च्या दशकात लहान मुलीला मारणारा एक बाप निर्दोष सुटला, तेव्हा ही फट सर्वांच्या नजरेत आली. १९७७ मध्ये बालहक्क आयोग नेमला गेला आणि मनाई स्पष्ट शब्दांत लिहावी, अशी शिफारस त्याने केली.

लोकमत घडवण्यात बालसाहित्यकार आस्ट्रिड लिंडग्रेन यांचा वाटा मोठा होता. ऑक्टोबर १९७८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे जर्मन पुस्तकविक्रेत्यांचा शांतता पुरस्कार स्वीकारताना त्या घरातल्या मारावर बोलल्या. त्यांनी एका आईची हकीकत सांगितली. आईने मुलाला मारायचे ठरवले आणि त्यालाच बाहेर जाऊन फोक शोधून आणायला पाठवले. मुलगा रडत परतला तो हातात दगड घेऊन. फोक काही मिळाला नाही, पण हा दगड तू मला मारू शकतेस, असे तो म्हणाला. आईला मला दुखवायचेच आहे, मग दगड काय आणि फोक काय, असा त्या मुलाचा हिशेब होता. ‘थोडासा मार’ आणि ‘फार मार’ यांत मोठी माणसे जी रेषा आखतात, ती मार खाणाऱ्याला दिसत नाही, हे या हकीकतीइतक्या नेमकेपणाने कुठल्याही कायदेपंडिताने सांगितलेले नाही.

अंमलबजावणी : सरकारने पोलिसांपेक्षा छपाईवर भर दिला. न मारता मुले वाढवता येतात का, असे शीर्षक असलेली पुस्तिका लहान मुले असलेल्या घरोघरी पोचवण्यात आली. परदेशातून आलेल्या कुटुंबांसाठी तिची भाषांतरे झाली. दुधाच्या खोक्यांवरही मजकूर छापला गेला, म्हणजे न्याहारीच्या टेबलावर आईबाप आणि मुले तो एकत्रच वाचत. दोन वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक कुटुंबांना हा कायदा ठाऊक झाला होता. आपल्याला कोणता हक्क आहे हे मुलांनाही कळले, हे या कायद्याचे मोठे यश मानले पाहिजे.

विरोध : एका मुक्त (सरकारी चर्चपासून स्वतंत्र) चर्चमधील काही पालकांनी कौटुंबिक जीवनावर व धर्मस्वातंत्र्यावर गदा आल्याची तक्रार युरोपीय मानवी हक्क आयोगाकडे केली. आयोगाने १९८२ मध्ये ती दाखल करून घेण्यासही नकार दिला.

परिणाम : १९६५ मध्ये स्वीडनमधील निम्म्याहून अधिक लोक मुलांना मारणे आवश्यक मानत, १९९० च्या दशकाच्या मध्यात हे प्रमाण सुमारे ११ टक्क्यांवर आले. उतरण १९७९ च्या आधीच सुरू झाली होती, म्हणून सगळे श्रेय कायद्याला देता येत नाही. बंदीनंतर मुलांवरील हल्ल्यांच्या पोलीस नोंदी वाढल्या, याकडे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लार्झेलेर यांनी बोट दाखवले. कॅनडातील अभ्यासक जोन ड्युरंट यांनी ही वाढ तक्रारी पुढे येऊ लागल्याची खूण मानली. ड्युरंट यांचे म्हणणे अधिक पटते, कारण जे वर्तन समाज गुन्हा मानत नाही, त्याची नोंद ठाण्यात होत नसते. मुलांना घरातून हलवून सरकारी देखरेखीत ठेवण्याच्या कायद्यावरून स्थलांतरित कुटुंबांमध्ये असंतोष आहे आणि त्याची दखल घ्यायला हवी. मात्र तो कायदा वेगळा आहे.

इतर देश : फिनलंड (१९८३), नॉर्वे (१९८७) आणि ऑस्ट्रिया (१९८९) यांनी लवकरच हा मार्ग धरला. जर्मनीने २००० मध्ये, जपानने २०२० मध्ये बंदी आणली. न्यूझीलंडच्या संसदेने २००७ मध्ये ११३ विरुद्ध ८ मतांनी पालकांचा बचाव काढून टाकला. २००९ च्या सार्वमतात ८७ टक्के मते विरोधात पडूनही सरकारने कायदा मागे घेतला नाही. स्कॉटलंड (२०२०) आणि वेल्स (२०२२) येथे बंदी आहे, इंग्लंडमध्ये मात्र ‘वाजवी शिक्षा’ हा बचाव अजून शिल्लक आहे. दक्षिण आशियात पहिले पाऊल नेपाळने २०१८ मध्ये टाकले.

भारत : शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शाळेतील मार बंद केला. बालन्याय कायद्याचे (२०१५) कलम ८२ बालगृहांतील शारीरिक शिक्षेला, तर कलम ७५ मुलाला ताब्यात ठेवणाऱ्याच्या क्रूरतेला शिक्षा देते. घरातल्या चापटीला मनाई करणारे स्पष्ट कलम नाही. उलट बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्‌भावनेने केलेल्या कृतीला १८६० च्या दंडसंहितेने कलम ८९ मध्ये दिलेले संरक्षण भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये जवळपास तसेच उतरले. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात तेरा राज्यांतील तीनपैकी दोन मुलांनी मार सोसल्याचे आढळले, आणि कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे आईबापच होते.

‘श्यामची आई’ या पुस्तकात पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते आणि मराठी वाचकाला त्यातही माया दिसते. ती माया खरी आहे. पण मारणाऱ्याच्या मायेवर मुलाचे संरक्षण अवलंबून ठेवता येत नाही, कारण मायेने मारणारे आणि रागाने मारणारे दोघेही सद्‌भावनेचाच आधार सांगतात. पालकांना तुरुंगात धाडण्याची गरज नाही. कलम २७ मधील सद्‌भावनेत मुलाला मारणे बसत नाही, एवढे स्पष्टीकरण संसदेने जोडावे आणि स्वीडनसारखी पुस्तिका मराठीसह प्रत्येक भाषेत घरोघरी पोचवावी.